सभा उठली ती तळ्याकडे

हे महाडचं चवदार तळं. काठावरून पाण्यापर्यंत उतरायला मिनिटभरही लागत नाही. एवढं अंतर चालण्यासाठी अस्पृश्य ठरवलेल्या माणसांना 20 मार्च 1927 हा दिवस उजाडावा लागला.

परवानगी तर आधीच होती. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करावेत, हा समाजसुधारक सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलनं 1923 मध्ये मंजूर केला होता. पुढच्याच वर्षी महाड नगरपालिकेनं तळं खुलं केलं, पण कागदावर. पाण्यात ओंजळ बुडवायला कुणी धजावलं नाही.

19 मार्चला महाडमध्ये कुलाबा (आताचा रायगड) जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. बाबासाहेब आंबेडकरांच्या त्या दिवसाच्या भाषणात आवेश आहेच, पण त्याहून जास्त आहेत ती कामं. मेलेल्या जनावराचं मांस सोडा. उष्ट्या-शिळ्या तुकड्यांसाठी हात पसरू नका. पोरांना शिकवा. शेती धरा. घरी परतल्यावर आपण काय करायचं, हे ऐकणाऱ्याला मांडवातच कळलं होतं. मला त्या भाषणाची खरी ताकद इथेच दिसते.

दुसऱ्या दिवशी परिषद आटोपत आली. आभाराची वेळ, म्हणजे एरवी लोक उठायच्या बेतात असतात. नेमके तेव्हा परिषदेतले कार्यकर्ते अनंतराव चित्रे बोलायला उभे राहिले आणि त्यांनी सांगितलं, परिषदेनं आत्ताच तळ्यावर जावं. आत्ताच! भाषणाची ऊब अंगात होती, सोबतीला हजारो माणसं होती, आणि तळं चालत जाण्याच्या अंतरावर. बाबासाहेब पुढे निघाले, मागे रांग लागली. त्यांनी ओंजळभर पाणी घेतलं. मग बाकीच्यांनी.

त्यानंतर गावात अफवा उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. मांडवावर हल्ला झाला, माणसं रक्तबंबाळ झाली. चिडलेला जमाव बाबासाहेबांच्या एका शब्दाची वाट बघत होता. त्यांनी हात उचलू दिला नाही.

डिसेंबरमध्ये पुन्हा परिषद भरली, या वेळी सत्याग्रहाच्या तयारीनं. साडेतीन हजारांहून जास्त लोकांनी नावं दिली होती. पण कोर्टाचा तात्पुरता मनाई हुकूम आडवा आला. पेटून आलेल्या माणसांना थांबा म्हणणं हे त्यांना उठवण्यापेक्षा कितीतरी अवघड. बाबासाहेबांनी ते केलं, कारणं देऊन, समजावून. लोकांनी मिरवणुकीनं तळ्याला फेरी घातली आणि पाण्याला हात न लावता ते परतले. ज्याच्या शब्दावर माणसं मार खायला तयार झाली, त्याच्याच शब्दावर ती थांबलीही. हायकोर्टाचा निकाल त्यांच्या बाजूनं लागायला 1937 साल उजाडलं.

त्याच डिसेंबरात, महाडमध्येच, बाबासाहेब परिषदेला आलेल्या बायकांशी बोलले. तेव्हा या बायकांनी गुडघ्यापर्यंतच लुगडं नेसायचं आणि अंगावर स्वस्त धातूचे जड दागिने घालायचे, अशी रीत होती. ती पाहताच जात ओळखू यायची. ही खूण तुम्हीच पुसा, लुगडं घोट्यापर्यंत नेसा, असं त्यांनी सांगितलं.

तिथे मनाई हुकूम नव्हता आणि कुणाच्या परवानगीचीही गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी बायका बाहेर आल्या, तेव्हा कितीतरी जणींची लुगडी घोट्यापर्यंत आलेली होती.