अक्षराला ‘कोंबडीचे पाय’ का म्हणतात?

नमस्कार मंडळी! आज मी मखमलाबादला मामीच्या अंगणात आलेय, आणि हे बघा, कॅमेरा जरा खाली घे रे, सकाळी मामीने अंगण सारवलं आणि ते ओलं असतानाच कोंबडी त्यावरून फिरून गेलीय. पुढे तीन बोटं, मागे एक, एक ठसा इकडे तोंड करून, दुसरा तिकडे, मध्येच उकरल्याचे ओरखडे.

आता ही भाच्याची वही, तिसरीत आहे तो. काल आजीने पान उघडलं आणि म्हणाली, अरे हे अक्षर आहे का कोंबडीचे पाय! मला हा वाक्प्रचार फार आवडतो, कारण ज्याने कुणी तो काढला त्याने कोंबडी नीट बघितलेली होती. एकच ठसा बघा ना, किती रेखीव आहे! गडबड कुठे होते, तर सगळे ठसे मिळून ओळ होत नाही. वहीतही तेच झालंय, अक्षरं तशी ओळखू येतात पण शिरोरेषा कुठे वर कुठे खाली, आणि आपल्या लिपीत ती रेघ चुकली की अर्थच बदलतो, भ चं डोकं उघडं ठेवायचं असतं ते याने रेघ ओढून बंद केलं आणि ‘भात’चा झाला ‘मात’.

आणि हे फक्त आपल्याकडेच नाही हां. रोममध्ये प्लॉटस नावाचा नाटककार होता, त्याच्या इ.स.पूर्व 191 च्या ‘स्यूडोलस’ नाटकात एक गुलाम पत्र बघून विचारतो की कोंबड्यांना हात असतात का, कारण हे तर कोंबडीनेच लिहिलंय. म्हणजे 2200 वर्षांपूर्वीचं! फ्रेंच लोक माशीचे पाय म्हणतात. पण मला वाटतं जिथे अंगणात कोंबडी आणि घरात लिहिणारा माणूस, तिथे हे कुणालाही सुचेल.

याच्या उलट आपण काय म्हणतो? मोत्यासारखं अक्षर. आपल्या नाशिकच्या टाकळीला रामदास स्वामींनी 12 वर्षं तप केलं ना, त्यांच्या दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास अख्खा लेखनावरच आहे. अक्षर वाटोळं, सरळ, मोकळं हवं, ओळी मोत्यांच्या माळांसारख्या चालल्या पाहिजेत असं ते सांगतात. माळा म्हणतात बघा, सुटे मोती नाही! आणि पहिलं अक्षर काढलं तसंच ग्रंथ संपेपर्यंत दिसावं, जणू सगळं एकाच टाकाने लिहिलंय.

भाच्याला मी काल एवढंच सांगितलं की आधी अक्षरं काढ, शब्द पूर्ण झाला की वरची रेघ एकदाच ओढ. हे त्याचं आज सकाळचं पान, जरा जवळून दाखव. ‘भात’ बघा, भातच आहे.