पंडिता रमाबाई, ईयोब आणि आपला व्हॉट्सॲप ग्रुप

नमस्कार मंडळी. कमिटीनं सांगितलं की नाताळच्या मेळाव्यात ख्रिस्ती श्रद्धेवर थोडं बोला, पण प्रवचन नको, लोकांना भूक लागलेली असते. आपल्या मंडळात आमची ख्रिस्ती घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच, म्हणून तुमच्या सगळ्यांच्या ओळखीच्या बाईंपासून सुरू करतो, पंडिता रमाबाई.

शाळेत आपण काय शिकलो, 1889ला विधवांसाठी शारदा सदन काढलं, दोन मार्क, संपलं. पण त्याआधीचं बघा ना. 1870च्या दशकातल्या दुष्काळात काही महिन्यांत वडील, आई, मोठी बहीण सगळे गेले. भावाबरोबर पायी फिरत फिरत 1878ला कलकत्त्याला पोचल्या, तिथं विद्वानांनी पंडिता म्हणून गौरवलं, जरा बरे दिवस येतायत तोवर 1880ला भाऊ गेला, त्याच वर्षी लग्न झालं आणि 1882ला नवरा कॉलऱ्यानं गेला, पदरात तान्ही मुलगी. वय किती, तर चोवीसच्या आतबाहेर.

1883ला इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, म्हणजे ख्रिस्ती झाल्या. आता लोकांना वाटतं की इथून पुढं सगळी शांती. छे! तिथल्या सिस्टर्सशी, म्हणजे ख्रिस्ती जोगिणींशी, त्यांनी पत्रांतून जोरदार वाद घातलेत, हे पटत नाही, ते मी मानणार नाही, आणि बाप्तिस्म्यानंतरही कित्येक वर्षं आतून समाधान नव्हतं हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. मला हा भाग सगळ्यात आवडतो, आमच्या चर्चच्या पाळकांना कदाचित कमी आवडेल. प्रश्न विचारत विचारत त्या येशूला धरून राहिल्या. आणि 1896-97चा दुष्काळ पडला तेव्हा दुष्काळात घरच्यांना मरताना पाहिलेली हीच बाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली, बालविधवा गोळा करून केडगावला घेऊन आली. तीच ती मुक्ती मिशन. शेवटी 1921ला एकुलती एक मनोरमा पण गेली, आणि बाई हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणायच्या कामात होत्या, ते काम पुरं केलं आणि 1922च्या एप्रिलमध्ये गेल्या. मी एवढं सगळं सोसू शकलो असतो का, तर नाही, उगाच मोठेपणा कशाला.

बायबलमध्ये ईयोबाची गोष्ट आहे. मुलंबाळं, गुरंढोरं, तब्येत सगळं जातं. मित्र भेटायला येतात, सात दिवस सात रात्री जमिनीवर त्याच्याशेजारी नुसते बसतात, एक शब्द नाही. इथपर्यंत एकदम बरोबर. मग तोंड उघडतात आणि घोटाळा करतात, तुझंच काही पाप असणार वगैरे. ईयोब मात्र देवालाच जाब विचारतो, अगदी कडक शब्दांत, आणि गंमत म्हणजे शेवटी देव मित्रांवर रागावतो आणि म्हणतो की ईयोबच बरोबर बोलला.

म्हणून कोणी दुःखात असताना "देव परीक्षा बघतोय" म्हणालं की मला कसंतरीच होतं, तुम्हाला कोणी सांगितलं? माझे वडील गावी वारले तेव्हा मला तिकीट मिळेपर्यंत तिकडं सगळं उरकलं होतं, आणि त्या आठवड्यात प्रार्थनेला बसलो की नुसती तक्रार निघायची. ती पण प्रार्थनाच होती असं आता मी मानतो. बायबलमधल्या आमच्या स्तोत्रसंहितेतल्या 150 स्तोत्रांत रडगाणी कितीतरी आहेत, ती कोणी काढून टाकली नाहीत.

एक प्रॅक्टिकल गोष्ट सांगून थांबतो. कोणाकडं वाईट बातमी आली की आपल्या ग्रुपवर हात जोडलेल्यांची लाईन लागते, लागू दे, पण दोघातिघांनी फोन करून विचारा ना की एअरपोर्टला कोण सोडणार, पोरांना शाळेतून कोण आणणार, डबा कोणाकडून. माझ्या वेळी समोरच्या बिल्डिंगमधल्या काकूंनी न विचारता वरणभात आणून ठेवला होता, त्या दर चतुर्थीला उपास करतात, आणि आज जेवणाच्या काउंटरवर पण त्याच उभ्या आहेत, तर चला, लाईन लावा.