खोक्यांचं खातेवाटप

मित्रहो, आयोजकांनी आजच्या व्याख्यानाचा विषय ‘कॅबिनेटची निवड’ असा छापलाय. मागच्या रांगेत दोन गृहस्थ वह्या उघडून बसलेत, ते बहुधा राजकीय विश्लेषण ऐकायला आले असावेत. त्यांनीही थांबावं. वजनदार उमेदवार, सत्तेचं वाटप, कुणाचा आवाज दाबला जातो, सगळं येणार आहे. (हशा) ‘कॅब’ म्हणावं तर पोरं मोबाइल काढून गाडी बोलावतात. म्हणून मी आपला ‘खोका’ म्हणतो. तोही शब्द आता निर्मळ राहिलेला नाही म्हणा. वह्या मिटू नका.

बेस गिटारच्या अ‍ॅम्पला स्पीकरची कुठली पेटी, म्हणजे कॅबिनेट, म्हणजेच आपला खोका जोडावा, हा विषय. इथं बसलेल्या बहुतेकांकडे बेस आहे, हेड (म्हणजे स्पीकर नसलेला नुसता अ‍ॅम्प) आहे आणि पाठदुखी आहे, तेव्हा मुळाक्षरांपासून सुरुवात करत नाही. खोका निवडताना विचारायचे पाच प्रश्न सांगतो असं मी कबूल केलंय, ते सांगणारच. पण त्याआधी एका वाक्याचा समाचार घ्यायचाय. ‘१५ इंची खाली जातो, १० इंची ठोसा देतो.’ म्हणजे १५ इंची स्पीकर खालचे, जाड स्वर वाजवतो आणि १० इंची ठसठशीत, असं. हे वाक्य ज्यानं मला सांगितलं, त्याला ते दुसऱ्यानं सांगितलं होतं. त्या दुसऱ्यालाही कुणीतरी सांगितलं असणार. मोजून कुणीच पाहिलं नव्हतं. मीही नाही, आणि मी ते पुढं कितीतरी पोरांना सांगितलं.

माझे डोळे उघडले ते एका जिन्यामुळे.

१९६९ साली अ‍ॅम्पेग कंपनीनं एसव्हीटी नावाचं ३०० वॅटचं व्हॉल्व्हचं (काचेच्या नळ्यांचं) हेड काढलं आणि त्याच्यासाठी १० इंची आठ स्पीकरांचा सीलबंद खोका. सुरुवातीला एका हेडला असे दोन खोके जोडायचे, कारण तेव्हाच्या स्पीकरांना एकट्यानं ३०० वॅट झेपत नसत. त्या जातीचा एक जुना खोका आम्ही चौघांनी मिळून घेतला. वजन ६० किलोच्या वर. तालमीची खोली तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट बंद. ती बंदच असते, त्यात नवल नाही. आमचा ड्रमर म्हणाला, ‘स्टँड गाडीत राहिलेत, आलोच.’ त्याचं ‘आलोच’ म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे.

उरलेले तिघं तो खोका जिन्यावरून चढवतोय. एक वरून ओढतोय, दोघं खालून रेटतायत, आणि खालच्या दोघांना पुढचं काही म्हणजे काहीच दिसत नाही. दुसऱ्या मजल्यावर टेकलो तर एका काकूंनी दार उघडलं. वरपासून खालपर्यंत पाहिलं. ‘अगंबाई, नवा फ्रिज! डबल डोअर का?’ आता गंमत बघा, जगभरचे बेसवादक ह्या खोक्याला फ्रिजच म्हणतात. काकूंना ते कुणी सांगितलं नव्हतं, त्यांनी स्वतंत्रपणे शोध लावला. मी धापा टाकत म्हटलं, ‘नाही काकू, स्पीकर आहे.’ ‘एवढा? आणि वाजणार कुठं?’ आमच्यातल्या एकानं भाबडेपणानं वर बोट केलं. ‘इथंच, तुमच्या डोक्यावर.’ दार बंद झालं. (हशा)

वर पोचलो, जोडणी केली, सगळ्यात खालची ई तार मोकळी वाजवली. खिडक्यांची तावदानं थरथरली. मी छाती काढून म्हणालो, ‘बघा, खाली कसा जातो!’ आणि पुष्कळ वर्षं तसंच समजत राहिलो. मग एकदा ह्या जातीच्या खोक्याचं माहितीपत्रक हाती लागलं. त्यात सरळ लिहिलेलं की साधारण ६० हर्ट्झच्या खाली ह्याचा आवाज उतरू लागतो. आपली मोकळी ई तार ४१ हर्ट्झची. म्हणजे ज्या स्वरावर मी छाती काढली, त्याचा पायाच खोका नीट वाजवत नव्हता! वाजत होते ते त्याच्या वरचे भाईबंद, ८२ हर्ट्झचा, १२३ हर्ट्झचा. त्यांच्यावरून मेंदू मूळ स्वर भरून काढतो. खाली कान गेला होता, खोका नव्हे. तरी तो आवाज खोटा नव्हता हं. तो भरीव, रागीट, गिटारांच्या गोंगाटातून वर येणारा आवाज आपल्याला हवाच असतो. फक्त त्याचं कारण आपण चुकीचं सांगत आलोय.

मग खाली जाणं ठरतं कशावर? स्पीकरचा कोन, म्हणजे मागेपुढे हलणारा पडदा, किती सैल बसवलाय, मॅग्नेट किती जोरकस, खोक्यात हवा किती, पोर्ट, म्हणजे खोक्याला पाडलेलं हवेचं भोक, असेल तर तो कुठल्या स्वराला लावलाय. हे सगळं आकड्यांत बसवायची रीत ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील ह्यांनी १९६१ मध्ये मांडली आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला रिचर्ड स्मॉल ह्यांनी ती पुरी केली. आज स्पीकरच्या कागदावर जे थील-स्मॉल आकडे छापतात, ते ह्या दोघांचे. इंच हा त्यातला एक तपशील. हवा किती हलते, तर कोनाचं क्षेत्रफळ गुणिले त्याची मागेपुढे होण्याची मजल. लांब मजलेचा १० इंची आखूड मजलेच्या १५ इंचीला सहज भारी पडू शकतो. आणि ४१ हर्ट्झची लाट आठ मीटरांहून लांब. तिला पाच इंचांचा फरक काय जाणवणार?

तरी १५ इंची खालचा वाटतो, हे खरं. का वाटतो? मोठा कोन वरचे स्वर नाकासमोर, अरुंद झोतात फेकतो. तुम्ही जरा बाजूला उभे असाल तर ते पोचतच नाहीत. वरचं गळालं की उरलेलं जाडच लागणार. ह्यात खालचं एक कणही वाढलेलं नसतं.

आता ह्या गैरसमजाची मोठी किंमत आपण मोजतो ती स्टेजवर. चार १० इंचीचा खोका वर आणि १५ इंचीचा खाली. वरचा ठोशाला, खालचा खोलीला. दिसतं कसं ऐटदार! मी असा जोड किती वर्षं वापरला ते सांगत नाही, कारण इथं माझे दोन शिष्य बसलेत. पण खातेवाटप पाहा. दोन्ही खोके ८ ओहमचे, म्हणजे विजेला सारखंच अडवणारे, हेड ४०० वॅटचं. दोघांना निम्मी निम्मी वाटणी, २०० आणि २००. वरच्या चौघांना प्रत्येकी ५०. खालच्या एकट्याला २००! म्हणजे निम्मं सरकार चौघांत वाटायचं आणि निम्मं एकाच्या घरात. बरं, त्या एकट्याचं क्षेत्रफळ साधारण ८५० चौरस सेंटिमीटर, चौघांचं मिळून १४०० च्या आसपास. आधी दमणार कोण? वर पुन्हा ‘वरचे स्वर वरच्याला, खालचे खालच्याला’ अशी खाती कुणी वाटलेलीच नसतात. मध्ये क्रॉसओव्हर, म्हणजे स्वरांची वाटणी करणारं मंडल, नसेल तर दोघंही सगळं बोलतात, जिथं पटत नाही तिथं एकमेकांना खोडतात, आणि बाहेर येतं ते मंत्रिमंडळाच्या बैठकीसारखं. (हशा) एका कार्यक्रमात तर शेवटच्या गाण्यात माझा १५ इंची फडफडायला लागला. त्याची वॉरंटी मागायला गेलो तर दुकानदार म्हणाला, ‘तुम्ही जास्त वाजवलंत.’ बेसवादकाला आयुष्यात असं कुणी म्हणत नाही, म्हणून खरं सांगतो, मला जरा बरंच वाटलं.

चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटं. पाच प्रश्न, पाच मिनिटं, होईल. घाईत सांगतो, लिहून घ्या.

ओहम. ८ ओहमचे दोन खोके समांतर जोडले की ४, तीन जोडले की २.६७. हेडच्या पाठीवर किमान ४ लिहिलं असेल तर तिसऱ्याचा मोह टाळा. व्हॉल्व्हच्या हेडवर खोक्याच्या ओहमशी जुळणारं आउटपुटचं तोंड निवडायचं, आणि खोका न जोडता ते कधीही वाजवायचं नाही, आतला ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. खोक्याला गिटारची केबल लावू नका, स्पीकरचीच लावा. दिसायला सारख्या असल्या तरी आतली तार वेगळी असते.

वॅट. दुप्पट वॅट म्हणजे फक्त ३ डेसिबल. कानाला दुप्पट मोठं वाटायला दसपट वॅट लागतात. म्हणून हेड बदलण्याआधी खोक्याची संवेदनशीलता पाहा, एका वॅटला एक मीटरवर किती डेसिबल, ते. आणि खोक्यावर छापलेले वॅट म्हणजे स्पीकरमधली तारेची कॉइल किती तापली तरी जळणार नाही, एवढंच. खालच्या स्वरांत कोनाची मजल त्याच्या कितीतरी आधी संपते. बेसचं बटण ६ डेसिबल वर नेलंत की त्या स्वरांना चौपट वॅट मागितलेत, हे ध्यानात ठेवा.

पोर्ट. पोर्टवाला खोका आपल्या स्वरापर्यंत छान साथ देतो, त्याच्या खाली कोन मोकाट सुटतो. पाच तारांचा बेस असेल तर खालची बी ३१ हर्ट्झची, तेव्हा हाय-पास फिल्टर, म्हणजे अगदी खालचे स्वर अडवणारी चाळणी, लावा. सीलबंद खोका हळूहळू उतरतो, पण सांभाळून.

मांडणी. दुसरा खोका घ्यायचा तर पहिल्यासारखाच घ्या, तोच, त्याच स्पीकरांचा. आणि शेजारी ठेवू नका, एकावर एक उभे रचा. उभ्या रांगेत आवाज आडवा पसरतो, आणि वरचा स्पीकर तुमच्या कानाजवळ येतो. आत्ता तुमचा बेस तुमचे गुडघे ऐकतायत.

पाचवा प्रश्न वजनाचा, आणि तोच सगळ्यात अवघड. हॉफमन म्हणून एक होते, केएलएच ह्या स्पीकर कंपनीच्या नावातला शेवटचा ‘एच’ त्यांचा. त्यांच्या नावानं एक पोलादी नियम सांगतात. छोटा खोका, खोल आवाज, कमी वॅटमध्ये जोर, ह्या तिन्हींपैकी दोनच मिळतील. निओडिमियमच्या मॅग्नेटनं वजन पुष्कळ उतरलं, पण खोक्यातली हवा काही त्यानं वाढत नाही. तेव्हा कुठले दोन हवेत ते दुकानात ठरवू नका. तिथं एकटे वाजवलेत की सगळेच खोके गोड लागतात. ड्रमरला सोबत न्या. तो येत असेल तर.

दुसरी चिठ्ठी आली. एवढंच सांगतो, प्रात्यक्षिकासाठी हे दोन खोके मी आणलेत आणि ते वाजवायचे राहूनच गेले. ते आता खाली न्यायचेत. लिफ्टचं विचारलं मी, बंद आहे. मागच्या रांगेतल्या त्या दोन गृहस्थांनी कृपया थांबावं.