दाणावैरणीचा हिशेब: कोल्हापूरचा माल, गाड्या आणि घोडी

श्रोतेहो, नमस्कार.

एकोणिसाव्या शतकातल्या कोल्हापूरचा इतिहास आपण बहुधा गादीच्या वारसांवरून, पोलिटिकल एजंटांवरून आणि तहांवरून सांगतो. आज मला तो बैलाच्या कडब्यावरून आणि घोड्याच्या चंदीवरून, म्हणजे दाण्याच्या खुराकावरून, सांगायचा आहे. या मुलखातला माल कोणत्या वाटेने आणि कोणत्या जनावराच्या जिवावर गेला, आणि इंग्रज सरकारने दख्खनभर एवढी खटपट करूनही शेतकऱ्याने घोड्यांची पैदास मनापासून का पत्करली नाही, याची उत्तरे दाणावैरणीच्या हिशेबात सापडतात, असे माझे मत आहे.

रेल्वे येण्यापूर्वी कोल्हापूरच्या व्यापाराचे तोंड कोकणाकडे होते. पंचगंगा, भोगावती आणि दूधगंगेच्या काठचा ऊस गुऱ्हाळात जाई, काहिलीत रस आटवून गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, पडत, आणि तो गूळ, मिरची व तंबाखूसह फोंडा, आंबा आणि अणुस्कुरा या घाटांनी खाली उतरून राजापूर, खारेपाटण किंवा रत्नागिरीला पोहोचे. तिथून गलबते तो मुंबईकडे नेत. परतीला मीठ, नारळ, सुपारी आणि सुकी मासळी चढून येई. गूळ हवेतला ओलावा ओढून घेतो आणि पावसाळी हवेत रवा पाझरू लागतो. शिवाय पावसाळ्यात बंदरेही बंद असत. म्हणून गुऱ्हाळे सुरू झाल्यापासून मृग लागेपर्यंत जेवढा माल उतरेल तेवढाच खरा, अशी सगळ्यांची धावपळ चाले.

ही वाहतूक आधी लमाणांच्या बैलांच्या पाठीवर होती. घाटातल्या पायवाटांचे सडक-रस्ते झाले तशी ती गाड्यांवर आली, कारण बैलाच्या पाठीवरच्या गोणीपेक्षा कितीतरी पट माल त्याच जोडीला चाकांवर ओढता येत होता. तरीही घाट म्हणजे जनावराची कसोटीच असे. चढणीला ओढ लागे ती लागेच, पण उताराला भरल्या गाडीचे वजन जोखडावरून बैलांच्या मानेवर येई. चाकाची धाव सैल झाली किंवा आसाचे वंगण आटले, तर गाडीवानाला वाटेतच मुक्काम टाकावा लागे. पुणे-बेळगाव सडकेवर परिस्थिती बरी होती. 1870 च्या दशकात पंचगंगेवर दगडी पूल उभा राहिला आणि ऐन पुरातही पलीकडे जाण्याची सोय झाली. याच सडकेवर टप्प्याटप्प्याला घोडी बदलत डाकेचा टांगा धावत असे. इथे घोड्याला मान होता तो वेगामुळे. ओझे मात्र बैलच वाहत होते.

3 मे 1888 रोजी मिरज-कोल्हापूर रेल्वेचा मुहूर्त शाहू महाराजांच्या हस्ते झाला. त्यांना तेव्हा चौदावे वर्ष चालू होते. 1891 साली ही सुमारे 47 किलोमीटरची वाट सुरू झाली आणि व्यापाराचे तोंड पूर्वेला वळले. 1895 मध्ये महाराजांनी स्टेशनलगत शाहूपुरीची पेठ वसवली, तिथे अडती उघडल्या आणि गुळाची मोठी बाजारपेठ उभी राहिली. रेल्वेने बैलगाडी संपवली असे सरसकट म्हटले जाते, ते कोल्हापूरपुरते तरी खरे नाही. लांब पल्ल्याची फेरी गेली, पण गावातून शाहूपुरीपर्यंतच्या फेऱ्या वाढल्या, आणि गाडीवानाला दिवस-दोन दिवसांत घरी परतता येऊ लागले. रेल्वेची अडचण दुसरीकडे होती. हा रूळमार्ग मीटर गेजचा आणि पुण्याहून मुंबईला जाणारा ब्रॉड गेजचा, त्यामुळे पुण्याला डबे रिकामे करून माल पुन्हा भरावा लागे. प्रत्येक चढउतारात रव्यांची मोडतोड होई आणि हमालीही वाढे. पुणे-कोल्हापूर मार्ग ब्रॉड गेज झाला तो थेट 1971 साली.

आता घोड्याकडे येऊ. मराठी फौजेत स्वतःचे घोडे घेऊन येणारा शिलेदार असे आणि सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर असे. त्या काळी भीमा आणि नीरा खोऱ्यांतली भीमथडी घोडी नावाजलेली होती: अंगाने लहान, पण काटक, थोड्या चाऱ्यावर दिवसभर चालणारी. 1818 नंतर ही फौजच उरली नाही. कोल्हापुरात 1844 च्या गडकऱ्यांच्या, म्हणजे किल्ल्यांवरच्या शिबंदीच्या, उठावानंतर संस्थानाच्या लष्करालाही कात्री लागली. गिऱ्हाईक गेले, कुरणांवर नांगर फिरला, आणि 1876-77 च्या दुष्काळाने उरलेल्या जनावरांचे हाल केले.

इंग्रज लष्कराला घोडे हवे होते, पण उंच. सामानसुमानासह स्वार वाहून नेणारा, चौदा-पंधरा मुठींचा (एक मूठ म्हणजे चार इंच) घोडा त्यांना पाहिजे होता. त्यासाठी कंपनी सरकारने शिरूर तालुक्यातल्या आलेगाव पागा येथे पैदास केंद्र चालवून पाहिले, आणि पुढे दख्खनच्या जिल्ह्यांत अरबी व विलायती वळू घोडे ठेवून शेतकऱ्यांच्या घोड्या त्यांना दाखवण्याची सोय केली. आता शेतकऱ्याच्या बाजूने पाहा. घोडी अकरा महिने गाभण राहते, आणि लष्कराने विकत घ्यावे एवढे होईपर्यंत शिंगरू चार वर्षे पोसावे लागते, तेही हरभऱ्याच्या आणि हुलग्याच्या चंदीवर. इतके करून उंचीत एखादे बोट कमी भरले, तर खरेदीदार अधिकारी ते नाकारणार आणि मग ते टांगेवाल्याला मिळेल त्या किमतीला द्यायचे. उलट गाईचे खोंड कडब्यावर वाढते, तिसऱ्या-चौथ्या वर्षी नांगराला जुंपता येते आणि बाजारात त्याला कायम गिऱ्हाईक असते. अधिकाऱ्यांनी याला शेतकऱ्याची अनास्था म्हटले. मला तो चोख व्यवहार वाटतो. सरकारने तरी काय केले? मुंबईला उतरणारे अरबी घोडे आणि ऑस्ट्रेलियातून येणारे वेलर विकत घेऊन आपली गरज भागवली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पंजाबात झेलमच्या कालव्याखाली घोडी पाळण्याच्या अटीवर जमिनी दिल्या गेल्या, आणि तिथे पैदास जमली, कारण चंदीचा खर्च त्या बागायती जमिनीतून निघत होता. दख्खनच्या कुणब्यापुढे अशी जमीन कोणी ठेवली नाही.

कोल्हापुरात उंची घोडे टिकले ते संस्थानच्या पागेत. शाहू महाराज स्वतः उत्तम घोडेस्वार होते, आणि गाडीची सवय लावण्यासाठी घोडे ज्याला जुंपतात त्या खडखड्यातून फिरणे त्यांना आवडे. या पागेचा खर्च दरबाराचा आणि राबणूक मोतद्दारांची. खरारा करणारे, लीद काढणारे, रात्री घोड्याशेजारी झोपणारे हे लोक इतिहासात क्वचितच दिसतात. त्यांपैकी गंगाराम कांबळे यांना पागेतल्या पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल मारहाण झाली. पुढे महाराजांच्या पाठिंब्याने त्यांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचे दुकान काढले, आणि महाराज त्या दुकानापुढे गाडी थांबवून सर्वांदेखत चहा घेत. आपल्या पागांविषयी बोलताना ही गोष्ट गाळली, तर ते बोलणे अपुरे राहील.

दख्खनी रक्ताचे तट्टू मात्र पागेबाहेर जगले, ते धनगरांकडे. मेंढरांचा कळप घेऊन चाऱ्यामागे फिरणारे धनगर आजही बिऱ्हाड, भांडी आणि नुकती जन्मलेली कोकरे तट्टांच्या पाठीवर लादतात. या तट्टाला चंदी लागत नाही. कापणी झालेल्या रानात मेंढरांबरोबर चरून ते पोट भरते आणि मुक्काम हलला की ओझे घेऊन चालू लागते. भीमथडी घोड्याला अलीकडे स्वतंत्र देशी जात म्हणून अधिकृत मान्यता मिळाली आहे. सरकारी वळूंना जे साधले नाही ते या फिरत्या बिऱ्हाडांनी पिढ्यान्‌पिढ्या केले, आणि त्यासाठी त्यांना कोणी एक दमडीही दिली नाही.