ओल्या कागदावरचा फोटो

[मशीनच्या ट्रेमध्ये एकामागून एक प्रिंट पडतात]

ही प्रिंट फोटो लॅबच्या मशीनमधून आत्ता बाहेर आली. हातात घेतली तर कोमट लागते, कारण ती थेट ड्रायरमधून आलीय.

फोटो मोबाइलमधला, पण कागद मात्र जुन्या घराण्यातला. त्यावर चांदीच्या क्षारांचा थर असतो. उजेड लागला की रोल वाया, म्हणून इथे तुम्हाला बंद डबाच दिसतोय. आतल्या आत लाल, हिरवा आणि निळा लेसर रेघेला रेघ जोडत फोटो उमटवतात. शाईचा एक थेंबही नाही. मग कागद डेव्हलपरमध्ये, म्हणजे दडलेलं चित्र दिसायला लावणाऱ्या रसायनात जातो, साधारण 35 अंशांवर, 45 सेकंद. तापमान हललं की चेहऱ्यांचा रंग बिघडतो. पुढच्या टाकीत चांदी धुऊन निघते, मागे राहतात फक्त रंग.

[टाक्यांचं झाकण उघडतं, वाफ]

एक फोटो असो नाहीतर हजार, या टाक्या तापलेल्याच ठेवाव्या लागतात. म्हणून लॅबला काम एकगठ्ठा हवं असतं. वर्षाचे फोटो निवडून एकदम द्या, दर उतरतो. 4 बाय 6 इंचाच्या साध्या प्रिंटसाठी यापेक्षा स्वस्त आणि देखणा मार्ग आम्हाला तरी दिसलेला नाही.

[वापरलेल्या रिबनचा क्लोजअप]

आता हे पाहा. डाय-सब प्रिंटरची, म्हणजे रिबनवरचा रंग तापवून कागदावर उतरवणाऱ्या प्रिंटरची, वापरलेली रिबन. पिवळ्या पट्ट्यावर एक चेहरा दिसतोय, उलट्या छटांचा. जिथला रंग कागदावर गेला, तिथे रिबन फिकी झाली. कागद चार वेळा आत-बाहेर करतो: पिवळा, मजेंटा, सायन आणि वरून पारदर्शक थर. मिनिटभरात कोरडी प्रिंट. पण फोटोत नुसतं पांढरं आभाळ असलं, तरी रिबनचा पूर्ण तुकडा खर्ची पडतो. त्यामुळे दर ठरलेला. दोन-चार फोटो लगेच हवे असतील, तर हेच बरं.

घरचा इंकजेट. प्रिंटर स्वस्तात येतो, पैसे शाईत जातात. महिनाभर बंद ठेवला की शाई सोडणारं हेड साफ करायलाच शाई लागते. रोज छापणाऱ्याला शाईच्या टाकीचा इंकजेट परवडतो. पिगमेंट शाई, म्हणजे बारीक रंगकणांची शाई, आणि जाड सुती कागद घेतला, तर काम प्रदर्शनात लावण्याजोगं होतं, पण त्याचा खर्च वेगळा.

[मोठी प्रिंट कापली जाते]

4 बाय 6 वरून 8 बाय 12 वर गेलात, की लांबी-रुंदी दुप्पट, कागद चौपट. पिक्सेलही चौपट लागतात: इंचाला 300 धरले, तर 1200 बाय 1800 च्या जागी 2400 बाय 3600. मेसेजमधून फिरून आलेला फोटो इथे उघडा पडतो, म्हणून मूळ फाइलच द्या. बऱ्याच फोनचा फोटो 4 बाय 3 च्या आकाराचा असतो. 4 बाय 6 च्या कागदावर पूर्ण बसवताना त्याचा नववा भाग कापला जातो. कडेला उभं राहिलेलं माणूस आधी बघून घ्या.

घरच्या इंकजेटवर साध्या कागदावर काढलेली प्रिंट उन्हात लवकर फिकटते.

[ऑपरेटर गठ्ठा उलटा करतो]

मागच्या बाजूला मशीनने फाइलचा क्रमांक छापलाय. शेजारी जागा मोकळी आहे, तिथे तारीख आणि नावं लिहा. शाई वाळेपर्यंत गठ्ठ्यात ठेवू नका.