सावलीत वाळलेला पाला

(फांदीवरून पाला ओरबाडणारे हात)

डुकरांच्या खाद्यात मिसळायचा शेवग्याच्या पाल्याचा हा ढीग आत्ता मोठा दिसतोय. वाळला की टोपलीभर उरेल, कारण ताज्या पाल्यात पाऊण हिस्सा तर पाणीच असतं.

पसरलाय कसा, ते नीट बघा. थर पातळ, वर छप्पर, खालून वारा. उन्हात पाला लवकर वाळतो खरा, पण हिरवेपणा उतरतो आणि त्यातलं कॅरोटीनही, म्हणजे ज्यापासून अ जीवनसत्त्व बनतं ते द्रव्य, जातं. म्हणून सावली. दिवसातून दोन-तीनदा खालवर करायचा, नाहीतर खालचा थर कोंदटून बुरशी धरतो. बुरशी लागलेला पाला सरळ टाकून द्यावा, डुकरांपुढे ठेवूच नये.

मुठीत चुरगाळल्यावर असा कुरकुर आवाज आला, की दळायला घ्यायचा.

(पिल्लं आईला लुचताना)

पिल्लू जन्मतं तेव्हा त्याच्या अंगात लोह असतं जेमतेम 50 मिलिग्रॅम. रोज लागतं 7 मिलिग्रॅम, आईच्या दुधातून मिळतं 1. म्हणून पहिल्या तीन दिवसांत लोहाचं इंजेक्शन द्यावंच लागतं, तिथे पाला कामाचा नाही. पाल्याची पाळी येते दूध सुटल्यावर. शेवग्याच्या भुकटीत साधारण पाव हिस्सा प्रथिनं असतात, शिवाय लोहही. रक्त यांच्यावरच तयार होतं.

(जांभळ्या टोपणाची नळी, मग फिरणारं यंत्र)

डुकराचं रक्त भरलेली बारीक काचनळी गरगर फिरवली, की तांबड्या पेशी तळाशी बसतात. हा लाल थर बघा. निरोगी डुकरात तो नळीतल्या रक्ताच्या 32 ते 50 टक्के भरतो. त्याहून खाली गेला, तर लोह किंवा प्रथिनं कमी पडतायत, नाहीतर पोटात जंत आहेत.

पाला मापात दिला तर हे आकडे जागेवर राहतात. जास्त झाला तर वाढ खुंटते.

माप म्हणजे शंभर किलो खाद्यात पाच किलोच्या आसपास. डुकराचं पोट गाईसारखं चौकप्पी नसतं, जास्त तंतू त्याला झेपत नाही. आणि सगळे पाले सारखेही नसतात. सुबाभळीतल्या मिमोसिन या विषारी द्रव्याने केस गळतात. कसावाच्या, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाच्या, पानांत सायनाइड हे विष तयार होतं, म्हणून ती चिरून, कोमेजवून, पूर्ण वाळवूनच वापरायची.

(गव्हाणीत हिरवट खाद्य)

पहिल्या दिवशी हुंगून मागे सरतील. म्हणून सुरुवात मूठभरच, आणि मग आठवडाभर हळूहळू वाढवत न्यायचं.