तिसरीचं पहिलं सत्र आणि बाहत्तर फुटी देवमासा

श्रोतेहो, नमस्कार.

घराघरांत भाजणीचा वास सुटलाय आणि शाळांचं पहिलं सत्र संपलंय. आता आपल्या गुजरातेतल्या शाळांना दिवाळीची 21 दिवसांची सुट्टी. मी इथं बडोद्यातच मराठी माध्यमाच्या एका प्राथमिक शाळेत तिसरीला शिकवते. दांडिया बाजारात भाजी घेताना कुणी पालक भेटले की प्रश्न ठरलेला असतो : "बाई, आमच्या पोराला किती मार्क पडले?" मार्क निकालपत्रात आहेत, तिथं बघा. पोराला काय यायला लागलं हे मात्र कुणी विचारत नाही. तेच आज सांगते.

सप्टेंबरात आम्ही मुलांना कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये नेलं. मुलांचा जीव अर्थातच बाहेरच्या छोट्या आगगाडीत अडकलेला. पण आत देवमाशाचा सांगाडा दिसला आणि सगळी गप्प झाली. मी सांगितलं, हा देवमासा 1944 साली महीसागराच्या मुखाशी आला होता, आणि त्याची लांबी आहे बाहत्तर फूट. दुसऱ्या दिवशी पाच-पाच ओळी लिहायला दिल्या. एका मुलाच्या वहीत स्वच्छ, वळणदार अक्षरात होतं : 'देवमासा 27 फूट लांब आहे.'

आता याला कुणी धांदरटपणा म्हणेल. मी नाही म्हणणार. त्यानं ऐकलं तसंच लिहिलं होतं. बाहत्तर म्हणताना दोन आधी येतात आणि सत्तर मागून. कान ज्या क्रमानं ऐकतो त्या क्रमानं हात चालला, की 72 चे 27 होतात. घराबाहेर गुजराती ऐकू येतं, टीव्हीवर हिंदी. तिथंही हाच उलटा क्रम. महाराष्ट्रात 2019 साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'सत्तर दोन' अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ उठला होता, आठवत असेल. माझं मत विचाराल तर शिकताना दोन्ही म्हणावं. सत्तर दोन म्हटलं की लिहिणं सोपं जातं. आणि बाहत्तर यायलाच हवं, कारण दुकानात कुणी 'सत्तर दोन रुपये द्या' म्हणणार नाही.

वहीत लाल रेघ मारण्याचा मोह आवरला आणि विचारलं, "सत्तावीस फूट म्हणजे केवढं रे?" कुणालाच सांगता येईना. मग एका मुलीनं आईची शिवणकामाची टेप आणली. ती असते साठ इंचांची, म्हणजे पाच फुटांची. व्हरांड्याच्या टोकाला खडूनं देवमाशाचं नाक काढलं आणि मापायला सुरुवात झाली. पाच टेपा आणि वर दोन फूट, की सत्तावीस. तिथं एक रेघ. ती रेघ आली दुसरीच्या वर्गाच्या दारात. देवमासा मात्र पुढं चाललेलाच. व्हरांडा संपला, पायरी उतरली, नळ मागे पडला. चौदा टेपा आणि दोन फूट झाले तेव्हा शेपूट फाटकाबाहेर, रिक्षा उभ्या राहतात तिथं जाऊन पोचली होती. रिक्षावाल्या काकांनी रिक्षा मागे घेतली बिचाऱ्यांनी, आणि वर "आ शुं छे, बेन?" म्हणून चौकशीही केली. ज्यानं 27 लिहिले होते तो आधी आपल्या रेघेवर उभा राहिला, मग फाटकापर्यंत पळत गेला, पळत परत आला, आणि काही न बोलता त्यानं वहीतला आकडा खोडला. पाचाचा पाढा त्या दिवशी वेगळा घ्यावा लागला नाही.

'एकोण'ची मात्र अजून रडकथा आहे. एकोणचाळीस म्हटलं की चाळीस ऐकू येतं आणि हात 49 लिहून मोकळा होतो. त्यात ज्या घरी गुजराती हिशेब चालतो तिथं 89 ला म्हणतात नेव्यासी, आणि शाळेत आम्ही म्हणतो एकोणनव्वद. मुलं दोन्ही पेलतात, पण वेळ लागतो. घरी ओरडू नका.

वाचनाचं सांगते. 2021 साली निपुण भारत अभियान सुरू झालं. त्यात तिसरीच्या अखेरीस मुलानं मिनिटाला निदान 60 शब्द समजून वाचावेत, असं उद्दिष्ट आहे. चांगलं आहे, कुठं पोचायचं हे ठाऊक असलेलं बरं. पण घड्याळ लावलं की 'समजून' हा भाग कधी गळून पडतो ते कळतही नाही. आमच्या वर्गात एक मुलगा धडा आगगाडीसारखा वाचतो आणि शेवटी गोष्टीत कोण कोण होतं विचारलं, तर छताकडे बघतो. दुसरी एक मुलगी जून महिन्यात अक्षर-अक्षर जोडत होती. आता ती ओळीच्या मध्येच थांबते आणि विचारते, "बाई, पण एवढा मोठा मासा नदीच्या तोंडाशी आलाच कशाला?" घड्याळात ती अजून मागेच आहे. मला तिची काळजी वाटत नाही.

शिवाय आमच्या मुलांना दोन लिप्या. 2023 च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या शाळांत पहिली ते आठवी गुजराती सक्तीचं आहे, आणि ते योग्यच आहे. ज्या गावचं पाणी प्यायचं तिथली भाषा यायलाच हवी. गुजरातीला शिरोरेघ नाही. आमची मुलं अख्खं गुजराती वाक्य नीट लिहितात आणि शेवटी सवयीनं वर पट्टी लावून रेघ ओढून टाकतात! पण रावपुऱ्यातून स्कूटरवर मागे बसून जाताना हीच मुलं दुकानांच्या पाट्या घडाघडा वाचतात.

हजेरीबद्दल थोडं. नवरात्रात गरबा रात्री उशिरापर्यंत, आणि सकाळी अर्धा वर्ग पेंगतो. सयाजीराव महाराजांनी 1893 साली अमरेली तालुक्यात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं, मुलींसाठीसुद्धा, आणि 1906 साली ते सगळ्या संस्थानाला लागू केलं. मूल शाळेत पाठवलं नाही तर पालकांना दंड होई. आम्ही आता फोन करतो. दंडाचा उपयोग जास्त होत असावा, असं कधी कधी मनात येतं.

सुट्टीचा अभ्यास मी यंदा फार दिलेला नाही. त्याऐवजी फराळाच्या सामानाची यादी मुलांकडून लिहून घ्या. रवा किती, डालडा किती, दुकानदारानं किती घेतले, सुटे किती आले. बेरीज चुकली तर लगेच सांगू नका, पिशवी उघडून पुन्हा मोजायला लावा. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात एकदा घेऊन जा. तिथला काचेचा मजला बघून तरी पाय वळतील. रोज झोपताना एक पान मोठ्यानं वाचायला सांगा. आजी-आजोबा घरी असतील तर त्यांना वाचून दाखवू दे. आजीला ऐकू कमी येत असेल तर उत्तमच, पोरगं आपोआप खणखणीत वाचेल.

आणि हो, निकालपत्रावर सही करून शाळा उघडेल त्या दिवशी परत पाठवा. फराळाच्या यादीचा कागदही सोबत द्या. तेलाचे डाग पडले असले तरी चालतील. दुसऱ्या सत्रातली पहिली गणितं आम्ही त्यावरूनच काढणार आहोत.